मारवाडची वाळू



मारवाड हें नांव महाराष्ट्रांत घरोघरीं ओळखीचें आहे. तालुक्याच्या पेठेंतलें कापडाचें किंवा किराण्याचें एखादें जुनें दुकान, त्याच्या पाटीवरचें आडनांव, गादीवर बसलेल्या शेटजींचें वळणदार मराठी, यांच्या द्वारें तें आपल्यापर्यंत येऊन पोंचलें. ज्या मुलखांतून हीं माणसें आलीं, त्या मुलखाविषयींची आपली कल्पना मात्र शाळेंतल्या नकाशापलीकडे फारशी गेलेली नाहीं. नकाशावर अरवलीच्या पश्चिमेस पिंवळा रंग आणि बारीक टिंबें असत; पुढें चित्रपटांनीं त्या टिंबांच्या जागीं लाटांसारखी वाळू आणि मावळत्या सूर्यासमोरून जाणारी उंटांची रांग आणून बसविली. कर्नल टॉडनें १८२९ ते १८३२ या काळांत प्रसिद्ध केलेल्या राजस्थानच्या इतिहासांत 'मरुस्थली' या शब्दाचा अर्थ मृत्यूचा प्रदेश असा दिला, तोही आपल्या मनांत कोठें तरी रुतून बसला आहे.

वस्तुस्थिति अशी आहे कीं, या मृत्यूच्या प्रदेशाची गणना जगांतील सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांत होते. पश्चिम राजस्थानचा कोरडा भाग सुमारें दोन लाख चौरस किलोमीटरांचा. त्यांत मोकाट सरकणारी वाळू फार थोडी. बाकी शेतें आहेत, कुरणें आहेत, आणि कित्येक ठिकाणीं वाळूच्या टेकडीच्या माथ्यापर्यंत नांगराचे तास गेलेले आहेत. मुंबईंत जुलैच्या एखाद्या दिवशीं कोसळतो तेवढा पाऊस जेथें वर्षभरांत पडतो, तेथें माणसें बाजरी पिकवितात कशी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. उत्तर थोडें अनपेक्षित आहे. वाळू असूनही पीक येतें असें आपण समजतों. खरें पाहतां पुष्कळ अंशीं वाळू आहे म्हणूनच तें येतें.

प्रथम या भूमीची ठेवण पाहूं. अरवलीची रांग गुजरातच्या सीमेपासून ईशान्येकडे दिल्लीपर्यंत गेली आहे. तिच्या पायथ्याशीं वर्षाला सुमारें ५०० मिलिमीटर पाऊस होतो. तेथून पश्चिमेकडे जावें तसा तो उतरत जातो. जोधपूरला साडेतीनशेंच्या आसपास, जैसलमेरला दोनशेंच्या आंतबाहेर, आणि सीमेजवळच्या कांहीं पट्ट्यांत शंभराच्या जवळ. तोही दोनतीन महिन्यांतला, आणि बिनभरंवशाचा. उलट, उन्हानें आणि वाऱ्यानें वर्षाकाठीं जेवढें पाणी उडून जाऊं शकेल, त्याचा आंकडा दीड ते दोन हजार मिलिमीटरांच्या घरांत जातो. जमा दोनशें आणि खर्चाची मागणी दोन हजार, असा हा संसार आहे. नदी म्हणण्यासारखी एकच, लूणी. अजमेरजवळच्या डोंगरांत उगम पावून ती कच्छच्या रणांत जिरते. बालोतऱ्यापर्यंत तिचें पाणी गोडें असतें, पुढें खारें होतें. तिच्या नांवांतच मीठ आहे.

वारा येथें नैर्ऋत्येकडून वाहतो, आणि त्याचा सर्वांत मोठा जोर मे-जूनमध्यें असतो. पावसाच्या तोंडावर, गुरांनीं गवत खाऊन संपविलेलें आणि शेतें मोकळीं पडलेलीं असतांना हा वारा सुटतो. पुढें सांगावयाच्या बऱ्याच गोष्टींचें मूळ या वेळेच्या गांठीभेटींत आहे.

येथल्या बोलींत वाळूच्या टेकडीला धोरा किंवा टीबा म्हणतात. सगळे धोरे एका घडणीचे नसतात. अगदीं पश्चिमेस वाऱ्याच्या दिशेनें लांबच लांब पसरलेल्या, वरवंट्यासारख्या रांगा आढळतात. सर्वांत मोठी संख्या मात्र एका निराळ्याच आकाराची आहे. बायका केंसांत खोंवतात तो तारेचा आंकडा डोळ्यांपुढें आणा. त्याचीं दोन टोकें नैर्ऋत्येकडे, म्हणजे वारा येतो त्या बाजूस, आणि वळलेलें तोंड ईशान्येकडे. दोन लांब भुजा, त्यांना जोडणारा उंच माथा. उंची दहापासून चाळीस मीटरांपर्यंत, कधीं त्याहूनही अधिक. असा आकार कां येतो? कडेच्या वाळूवर गवत आणि झुडपें रुजतात व ती जागच्या जागीं धरली जाते. मधली उघडी वाळू तेवढी पुढें सरकत राहते. म्हणजे वारा आणि वनस्पति या दोघांनीं मिळून हा धोरा घडविलेला असतो. एकट्या वाऱ्याचा धोरा निराळा दिसतो. तो चंद्रकोरीसारखा असून त्याचीं टोकें वारा जातो त्या बाजूस पुढें आलेलीं असतात. अशा कोरी थारमध्यें आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच गांवांच्या व विहिरींच्या आसपास, जेथें माणसांनीं व गुरांनीं झाडोरा संपविला तेथें आहेत. धोऱ्याचा नुसता आकार दुरून पाहून तेथील हिरवळ टिकली आहे कीं नाहीं हें जाणत्याला सांगतां येतें.

हे धोरे कालपरवांचे नाहींत. डीडवाना येथील खाऱ्या सरोवराच्या परिसरांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील वीरेंद्रनाथ मिश्र, शरद राजगुरु आदि संशोधकांनीं १९८० नंतरच्या दशकांत एका जुन्या धोऱ्याच्या पोटांत सुमारें १८ मीटर खोल खणून पाहिलें. वाळूच्या थरावर थर, मध्यें मध्यें चुनकंकराचे पट्टे, आणि त्यांत निरनिराळ्या काळांतील अश्मयुगीन हत्यारें, असा तो एक ग्रंथच निघाला. वाळूच्या कणावर शेवटचें ऊन केव्हां पडलें हें सांगणारी पद्धति आतां उपलब्ध आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेंतील अशोक सिंघवी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती लावून पाहिली, तेव्हां खालचे थर दीड लाख वर्षांहूनही जुने ठरले. चुनकंकराचा प्रत्येक पट्टा म्हणजे वाळूनें घेतलेला विसावा होय. त्या काळीं धोरा स्थिर होता, त्यावर गवत होतें, आणि पावसाच्या पाण्यांत विरघळून खालीं उतरलेला चुना थोड्या खोलीवर पुन्हा गोठत होता.

यांतून निघालेली एक गोष्ट मला विशेष विचार करण्याजोगी वाटते. गेल्या हिमयुगाच्या ऐन कडाक्यांत, सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं, हा प्रदेश आजच्याहून कोरडा होता. तरी धोरे रचले जाण्याचा मोठा काळ तो नव्हता. मोसमी वारेच त्या वेळीं मंदावले होते. पुढें सतरा-अठरा हजार वर्षांपूर्वींपासून वारे पुन्हा जोर धरूं लागले आणि झाडोरा अद्याप पुरता आला नव्हता, तेव्हां वाळू उठली. कोरडेपणा एकटा धोरा करीत नाहीं. जोरदार वारा आणि उघडी जमीन हीं दोन्ही एकत्र आलीं पाहिजेत. आज वारा आहेच, जमीन उघडी करणें न करणें तेवढें माणसाच्या हातीं आहे.

१९५० च्या सुमारास आपल्या देशांत अशी भीति पसरली होती कीं, राजस्थानचें वाळवंट दरवर्षीं अर्धा मैल या वेगानें गंगेच्या मैदानाकडे चाल करून येत आहे. १९५२ मध्यें दिल्लीस शास्त्रज्ञांनीं या वाळवंटावर एक परिसंवाद भरविला, त्याच वर्षीं जोधपूरला वनीकरणाचें संशोधनकेंद्र निघालें, आणि १९५९ मध्यें त्याचें मध्यवर्ती रुक्षक्षेत्र संशोधनसंस्थेंत रूपांतर झालें. फौजेप्रमाणें चाल करून येणारी वाळू पुढील मोजणींत कोठें सांपडली नाहीं. वाळवंट सीमेवरून पुढें येत नव्हतें. तें शेताशेतांत, जुन्या स्थिर धोऱ्यांच्या पाठीवर, जागच्या जागीं पुन्हा जागें होत होतें. आणि हें दुखणें अर्ध्या मैलाच्या कल्पनेहून कमी गंभीर मुळींच नाहीं.

आतां मातीकडे वळूं. 'चांगली जमीन' म्हटलें कीं आपल्या मनांत सोलापूर-विजापूरकडील भारी काळी जमीन येते, आणि वाळूस आपण माती मानावयासही तयार नसतों. येथें एक ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, दोन कोरड्या जमिनींवर २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच, पाऊस पडला. भारी काळी माती आपल्या आकारमानाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढें पाणी सहज धरून ठेवते. तेव्हां तो सारा इंच तिच्या वरच्या तीन इंचांतच संपून जातो. वाळू दहाव्या हिश्श्याइतकेंच पाणी धरते, म्हणून तेंच पाणी तिच्यांत दहा इंच खोल उतरतें. पुढें आठवडाभर ऊन पडतें, वारा सुटतो, आणि वरचे तीनचार इंच सुकून जातात. काळ्या मातीचें सर्वस्व गेलें. वाळूंत निदान सहा इंच ओल शिल्लक राहिली. शिवाय वाळूचा सुकलेला वरचा थर हा तिच्यावर झांकणासारखा बसतो. तिचे कण मोठे, त्यांमधल्या फटी मोठ्या. त्यांतून खालचें पाणी दिव्याच्या वातींतील तेलाप्रमाणें वर चढूं शकत नाहीं. काळी माती वाळतांना भेगाळते व त्या भेगांतून खोलवरची ओलही हवेला मिळते. पावसाची सर जोराची असेल तर चिकणमातीचें तोंड मिटतें आणि पाणी वाहून जातें. वाळू तें सारें पिऊन टाकते. शेवटचा घोट सोडण्याच्या बाबतींतही चिकणमाती कृपण आहे. तिच्यांत पाणी असूनही तें मुळांच्या ओढीला येत नाहीं.

पाऊस भरपूर असेल तेथें हा सगळा हिशेब उलटतो. सहासातशें मिलिमीटर पावसांत वाळूंतलें पाणी मुळांच्या खालीं निघून जातें, आणि काळी जमीन तें पोटांत सांठवून रब्बीची ज्वारी पिकविते. म्हणून दख्खनच्या शेतकऱ्याची परीक्षा त्याच्या ठिकाणीं बरोबर आणि मारवाडच्या शेतकऱ्याची त्याच्या ठिकाणीं बरोबर. तीच जमीन अडीचशें मिलिमीटरांच्या मुलखांत उचलून नेली तर तिची कीर्ति तेथें टिकणार नाहीं.

वाळू ओल देते, पण कस देत नाहीं. धोऱ्याच्या वाळूंत चिकणमातीचा अंश शेंकडा चारपांच, आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचा अंश तर शेंकडा अर्ध्याहूनही पुष्कळ कमी. चिकणमाती आणि हा काळा अंश हेच कणाला कण धरून ठेवतात व पिकाला अन्न पुरवितात. ते दोन्ही वरच्या चार बोटांत असतात, आणि वारा नेमकें तेंच उचलून नेतो. जड वाळू मागें राहते. या कमीपणावर मारवाडच्या शेतकऱ्यानें जे उपाय योजिले ते पुस्तकांत लिहिलेले नव्हते, पण ते उपाय होते याविषयीं शंका नसावी.

पहिला उपाय पडीक ठेवण्याचा. एक-दोन वर्षें बाजरी घ्यावी आणि मग तीनचार वर्षें, कधीं त्याहूनही अधिक, शेत सोडून द्यावें. या काळांत सेवण नांवाचें बुंध्याबुंध्यानें वाढणारें गवत, बोरडी, फोग हीं झुडपें त्यावर येतात. गुरें-मेंढ्या चरतात, लेंड्या पडतात. उडती धूळ बोरडीच्या पायाशीं अडते. नांगरही हलका, उंट किंवा बैल ओढील असा. तो बोरडीला वळसा घालून जाई, तिचें मूळ उपटीत नसे. पेरणींत एकटी बाजरी क्वचितच. तिच्याबरोबर मटकी, गवार, तीळ, आणि काकडी-कलिंगडाच्या जातीचे वेल. पाऊस लवकर उलगडला तर बाजरी जाईल, पण मटकी राहील. मटकीही गेली तर निदान तिचा पाला गुरांना मिळेल. वाऱ्यानें कोंवळे कोंब वाळूखालीं गाडले तर दुसऱ्यांदा पेरावें लागतें, त्यासाठीं बियाणें हातचें राखणें हा घरचा नियम.

दुसरा उपाय खेजडीचा. ही खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण सोनें म्हणून आपट्याचीं पानें लुटतों, पण पूजेचा मान शमीचा. आपल्याकडे कोठें कोठें तिला सौंदड म्हणतात. मारवाडांत ती भर शेतांत उभी असते, आणि तिच्या सावलींतलें पीक मोकळ्यावरल्याहून बरें असतें. तिचीं मुळें कित्येक पुरुष खोल जातात, म्हणून पिकाशीं तिचें पाण्यावरून भांडण होत नाहीं. ती खालचीं द्रव्यें वर आणते, पानांच्या रूपानें मातींत टाकते, आणि हवेंतला नत्र जमिनींत बांधते. हिवाळ्यांत तिच्या फांद्या छाटून पाला गुरांसाठीं वाळवितात. उन्हाळ्यांत, सारें रान करपलेलें असतांना, तिला सांगरीच्या शेंगा येतात व त्यांची भाजी होते. १८९९-१९०० च्या दुष्काळांत, ज्याला विक्रम संवत् १९५६ वरून तेथें 'छप्पनिया' म्हणतात, लोकांनीं तिची साल दळून खाल्ल्याची आठवण घराघरांत सांगतात. तोच दुष्काळ गुजरातेंत आणि आपल्या दख्खनमध्यें पडला होता. जोधपूरजवळच्या खेजडली गांवीं १७३० मध्यें राजाचे लोक चुन्याच्या भट्टीसाठीं झाडें तोडावयास आले, तेव्हां अमृतादेवी आणि तिच्या मागोमाग एकंदर ३६३ बिष्णोई स्त्रीपुरुषांनीं झाडांना मिठ्या मारून प्राण दिले, ही कथा आपण ऐकली असेल. धर्माज्ञा म्हणून ती सांगितली जाते. शेतींतलें खेजडीचें स्थान लक्षांत घेतलें म्हणजे त्या धर्माज्ञेच्या पोटांत काय होतें तेंही उमगतें.

सारा मुलूख धोऱ्यांचाच आहे असेंही नाहीं. दोन धोऱ्यांमधल्या सपाट पट्ट्यांत माती अंमळ भारी असते आणि धोऱ्यावरून ओघळलेलें पाणी तेथें येतें. गांवें बहुधा तेथेंच वसतात. जैसलमेरच्या भोंवतीं खडकाळ, गोट्यांनीं भरलेले माळ आहेत, त्यांना मगरा म्हणतात. मगऱ्यावर पीक येणें शक्य नाहीं, पण त्याचा एक गुण पालीवाल ब्राह्मणांनीं हेरला: खडकावर पाणी मुरत नाहीं, तें वाहून येतें. मगऱ्याच्या पायथ्याशीं जेथें माती सांचली असेल तेथें उताराला आडवा मातीचा बांध घालावयाचा. पावसाळ्यांत पंधरापट किंवा अधिक क्षेत्रावरचें पाणी त्या एका शेतांत येऊन उभें राहतें व गाळ टाकून जमिनींत मुरतें. कार्तिकाच्या सुमारास उरलेलें पाणी मोरीवाटे सोडून दिलें कीं ओल्या मातींत गहूं आणि हरभरा पेरावयाचा. पुढें पाण्याचा थेंबही द्यावा लागत नाहीं. याला खडीन म्हणतात. वाळूच्या मुलखांत, दोनशें मिलिमीटर पावसांत, विहिरीवांचून गहूं! मुरणारें पाणी मातींतलें मीठही धुऊन बांधापलीकडे नेतें, म्हणून शेत खारावत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत पालीवाल आपलीं गांवें सोडून गेले. त्यांतल्या कुलधरा गांवाभोंवतीं भुताखेतांच्या कथा गुंफून आजकाल प्रवाशांना दाखवितात. भुतांपेक्षां त्यांच्या खडिनी पाहाव्यात. त्यांतल्या कित्येकांत आजही पीक उभें असतें.

आतांपर्यंत वरच्या थरांविषयीं बोललों. खालीं काय आहे हें न पाहतां या भूमीशीं व्यवहार केला तर काय होतें, त्याचीं दोन उदाहरणें देतों. वाळूखालीं कोठें हात-दोन हात, कोठें दहापंधरा हात खोलीवर चुनकंकराचा घट्ट थर असतो. कित्येक सखल भागांत चिरोडी, म्हणजे जिप्सम, असतें. पाऊस बेताचा असेपर्यंत पाणी त्या थराला क्वचितच जाऊन टेकतें, म्हणून त्याची आठवण कोणाला राहत नाहीं. २००६ च्या ऑगस्टमध्यें बाडमेर जिल्ह्यांत तीनचार दिवसांत वर्षाच्या सरासरीच्या दुपटीच्या घरांत पाऊस पडला. कवास नांवाचें गांव धोऱ्यांमधल्या सखलांत होतें, तें बुडालें. जिल्ह्यांत शंभराहून अधिक माणसें दगावलीं. वाळवंटांतलें पाणी दोन दिवसांत वाळूंत जिरेल असें कोणासही वाटावें. कवासचें पाणी महिनोन्महिने हललें नाहीं, कारण खालच्या थरानें त्याला वाट दिली नाहीं.

दुसरें उदाहरण मोठें आहे, आणि तें मनुष्यनिर्मित आहे. बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनीं १९२७ मध्यें सतलजचें पाणी आपल्या संस्थानाच्या उत्तर भागांत आणलें. पुढें ३१ मार्च १९५८ रोजीं गोविंद वल्लभ पंत यांच्या हस्तें राजस्थान कालव्याची कोनशिला बसली. हाच आजचा इंदिरा गांधी कालवा. सतलज-बियासच्या संगमावरील हरिकेच्या बंधाऱ्यापासून निघून तो ६४९ किलोमीटर धांवतो, आणि १९८७ मध्यें त्याचें पाणी जैसलमेर जिल्ह्यांतील मोहनगढला पोंचलें. पिण्याचें पाणी दहा-दहा कोसांवरून डोक्यावर वाहून आणणाऱ्या स्त्रियांना या कालव्यानें काय दिलें, हें शहरांत नळाखालीं बादली लावणाऱ्या आपल्यासारख्यांनीं सांगण्याची गरज नाहीं. गहूं, कापूस, मोहरी, भुईमूग यांचीं शेतें तेथें उभीं राहिलीं.

पण पाणी आलें त्याबरोबर पाणी देण्याची हौसही आली. सपाट करून घेतलेल्या वाळूंत पाटानें भरपूर पाणी सोडलें, तें झपाट्यानें खालीं गेलें, आणि कठीण थरावर सांचत सांचत वर येऊं लागलें. हनुमानगढच्या बाजूस भूजलाची पातळी कित्येक ठिकाणीं वर्षाला सुमारें एक मीटर या गतीनें चढली. तशांत घग्गर नदीच्या पुराचें पाणी वळवून सुरतगढजवळच्या धोऱ्यांमधील खळग्यांत सोडलेलें होतें. तेंही झिरपून शेजारच्या शेतांत निघालें. पाणी मुळांपर्यंत आलें कीं पीक गुदमरतें. जमिनीच्या तोंडाशीं आलें कीं ऊन तें उडवून नेतें आणि मीठ मागें ठेवतें. या दुखण्याला तेथील शेतकरी 'सेम' म्हणतो. ज्या जमिनीचा सारा गुण पाणी खोल उतरवून झांकून ठेवण्यांत होता, तिच्यावर पांढरें मीठ फुललेलें आणि शेजारीं लव्हाळे उगवलेले असें दृश्य तेथें दिसूं लागलें. वाळवंटांत डांसही आले; १९९४ मध्यें पश्चिम राजस्थानांत हिंवतापाची मोठी सांथ आली. कालव्याच्या पुढच्या भागांत फवाऱ्यानें मोजकें पाणी देण्यावर भर आला तो या अनुभवानंतर.

कालव्यापासून दूर, कोरडवाहू मुलखांत, वेगळा बदल घडला आहे. नांगराची जागा ट्रॅक्टरनें घेतली. पहिली सर पडतांच एका दिवसांत सारी पेरणी उरकते, आणि ओल चार दिवसांचीच असतांना ही सोय लहान नव्हे. परंतु ट्रॅक्टरमागच्या तव्या बोरडीला वळसा घालीत नाहींत. त्या तिला मुळासकट काढतात, खेजडीचीं रोपें मोठीं होण्यापूर्वींच कापतात, आणि पूर्वीं चराऊ राखलेल्या धोऱ्याच्या उतारावरही चढतात. माणसें वाढलीं, वाटण्या झाल्या, पडीक ठेवण्याचीं वर्षें तीनचारांवरून एकावर आलीं, कोठें शून्यावर. फोगाचीं खोडें-मुळें कोळशासाठीं खणून नेलीं गेलीं. मग मे-जूनचा वारा येतो तेव्हां त्याला अडविणारें कांहीं नसतें. हजारों वर्षें बसलेला धोरा माथ्याकडून उघडा पडतो, आणि ताजी वाळू शेजारच्या शेतावर, विहिरीवर, रस्त्यावर जाऊन बसते.

असा धोरा पुन्हा बांधतां येतो. जोधपूरच्या संस्थेनें बसविलेली पद्धति साधी आहे. आधीं कुंपण घालून गुरें बाहेर ठेवावयाचीं. मग बोरडी, खीप यांच्या वाळक्या फांद्या वाऱ्याला आडव्या रांगांत, शेंडे खालीं करून, वाळूंत खोंचावयाच्या. म्हणजे जमिनीलगतचा वारा मंदावतो. पहिला पाऊस झाला कीं त्या रांगांच्या आडोशाला रोपें लावावयाचीं आणि मध्यें सेवणचें बीं टाकावयाचें. तीनचार वर्षांत धोरा धरतो. रोपांची निवड मात्र घाईंत झाली. लवकर वाढते म्हणून इस्रायलची बाभूळ लावली. अमेरिकेंतून आलेल्या विलायती बाभळीला तर जोधपूर दरबारनें १९४० मध्यें राजवृक्ष म्हणून गौरविलें होतें. तिनें वाळू धरली, चुलींना जळण दिलें, आणि मग बोलावणें नसतांना कुरणांत शिरून देशी गवताला हुसकून लावलें. वेडी बाभूळ म्हणून ती आपल्याकडेही सर्वांच्या परिचयाची आहे. वाळू धरणें आणि कुरण उभें करणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, हें ध्यानांत यावयास पुष्कळ वर्षें लागलीं.

शेवटीं ओरणांविषयीं दोन शब्द. देवाच्या नांवानें राखलेलें गांवचें रान म्हणजे ओरण. त्यांत कुऱ्हाड लावावयाची नाहीं, नांगर घालावयाचा नाहीं. गुरें चारावीं, गळलेलें लांकूड देवाच्या कामास न्यावें. आपल्या सह्याद्रींतील देवराई घनदाट असते. ओरण विरळ, कित्येकदां नुसतें गवताचें व कैर-बोरडीचें माळरान. माळढोक पक्षी उरलेसुरले आहेत ते अशाच माळरानांच्या आश्रयानें. परक्या नजरेला तें रिकामें दिसतें, आणि महसुलाच्या दप्तरांत कित्येक ओरणें पडीक सरकारी जमीन म्हणूनच नोंदलीं गेलीं. अलीकडे सूर्यप्रकाशावर वीज निर्माण करणाऱ्या कारखान्यांना मोकळी, सपाट, उन्हाची जमीन हवी असते. भडला येथील अशा क्षेत्राची शक्ति २,२०० मेगावॅटच्या वर आहे. कोळशाच्या धुरापेक्षां ही वीज बरी, यांत वाद नाहीं. पण दप्तरांत पडीक म्हटलेली जमीन खरोखर कोणाच्या उपयोगांत आहे, हें पाहण्याची तसदी प्रत्येक वेळीं घेतली गेली असें म्हणवत नाहीं. खेजडी हा १९८३ पासून राजस्थानचा राज्यवृक्ष आहे, आणि बिकानेरच्या भागांत या कारखान्यांसाठीं होणाऱ्या खेजडीच्या तोडीविरुद्ध लोकांना रस्त्यावर यावें लागलें आहे.

१८ डिसेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें राजस्थान सरकारला आज्ञा केली कीं, अशीं देवरानें जागेवर जाऊन व उपग्रहाच्या साह्यानें मोजावीं, त्यांचे नकाशे करावेत आणि त्यांना वनाचें संरक्षण द्यावें. मोजणी करणाऱ्यांपुढें एक अडचण उभी राहणार आहे. जुन्या ओरणांना कुंपण नाहीं, हद्दीचे दगडही पुष्कळदां नाहींत. गांवच्या लोकांनीं देवाला साक्ष ठेवून दुधाची किंवा गंगाजलाची धार धरीत रानाला फेरी घातली, आणि ती धार जेथून गेली ती हद्द, असें तें ठरलेलें असे. ती धार कोठून गेली तें आज गुराख्यांना आणि गांवांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून घ्यावें लागेल.